न सापडणारे दुखणे आणि जोडीदाराची सोबत

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पोटदुखी हा शब्द इतका घरगुती आहे की व्याख्यानाचा विषय म्हणून तो उच्चारताच श्रोत्यांच्या चेहऱ्यावर किंचित स्मित उमटावे, हे स्वाभाविकच आहे. शाळा चुकवणाऱ्या मुलाचे पोट दुखते, नको असलेल्या लग्नाला जाणे टाळणाऱ्या पाहुण्याचे पोट दुखते आणि शेजाऱ्याचा उत्कर्ष पाहूनही कोणाकोणाच्या पोटात दुखते. बहाणा आणि मत्सर या दोन अर्थांशी मराठी भाषेने पोटदुखीची अशी गाठ घालून ठेवली आहे, की ज्याचे पोट खरोखरच वर्षानुवर्षे दुखते त्याला आपली व्यथा सांगताना आधी भाषेशीच झगडावे लागते.

अशा दुखण्याच्या घरात एक दिवस हमखास उगवतो. रक्ताच्या तपासण्या झालेल्या असतात, सोनोग्राफी झालेली असते, दुर्बिणीतून जठर आणि आतडी पाहून झालेली असतात, फाइल जाडजूड झालेली असते. डॉक्टर शेवटचा कागद बाजूला ठेवून म्हणतात, "सगळे नॉर्मल आहे." नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात, कोणी पेढे आणण्याची भाषा करतो. रुग्ण मात्र गप्प असतो, कारण त्याच रात्री दोन वाजता कळ पुन्हा येणार आहे हे त्याला ठाऊक असते. त्या दिवसापासून घरातील त्याचे स्थान हळूहळू बदलू लागते. आजवर तो आजारी होता, आता तो जणू आरोपी होतो. "डॉक्टरांनी तर काही नाही म्हणून सांगितले," हे वाक्य स्वयंपाकघरात, फोनवर, हळदीकुंकवात फिरू लागते. रुग्ण आणि हे वाक्य यांच्या मध्ये उभे राहू शकेल असे एकच माणूस त्या घरात असते आणि ते म्हणजे त्याचा जोडीदार. आजचे विवेचन मुख्यतः त्या जोडीदाराविषयी आहे.

"काही सापडले नाही" आणि "काही नाही" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वैद्यकशास्त्राचा इतिहासच याची साक्ष देतो. जठरातील व्रण, म्हणजे अल्सर, हा चिंतेमुळे आणि तिखट खाण्यामुळे होतो, असे कित्येक दशके सांगितले जात होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या दोघा डॉक्टरांना जठरात एक जंतू आढळला. त्यांच्या म्हणण्यावर सहजासहजी कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू असलेले द्रावण स्वतः प्राशन केले आणि जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी ज्यांना "फार काळजी करता, म्हणून पोट दुखते" असे ऐकावे लागले, त्या असंख्य रुग्णांची क्षमा मागायला मात्र कोणी गेले नाही.

आतड्यांच्या भिंतीत मज्जापेशींचे एक स्वतंत्र जाळे असते. त्यात दहा कोटींहून अधिक पेशी आहेत आणि मेंदूशी त्यांचा अखंड संवाद चालू असतो. हा संवाद बिघडला, तर आतड्यात जखम नसते, गाठ नसते, सूजही नसते, तरीही वेदना होते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश संशोधनात मोठ्या आतड्यात छोटा फुगा हळूहळू फुगवून पाहण्यात आला. निरोगी माणसांना जितका फुगा सहज सोसवत होता, तितक्याच फुग्याने अशा रुग्णांपैकी अनेकांना वेदना झाल्या. त्यांची आतडी दिसायला इतरांसारखीच होती, वेदनेची सूचना मात्र फार लवकर वाजत होती. घरातील दाराची घंटा वाऱ्याच्या झुळुकीनेही वाजू लागावी, तसा हा प्रकार आहे. घंटा वाजते हे खोटे नसते आणि दाराशी कोणी नाही हेही खोटे नसते. या विकारांना आता आतडे व मेंदू यांच्यातील देवाणघेवाणीचे विकार असे म्हणतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३ देशांतील पाहणीत ७३ हजारांहून अधिक व्यक्तींना प्रश्न विचारले गेले. त्यांपैकी इंटरनेटवरून उत्तरे देणाऱ्यांत दहापैकी चौघांना या गटातील कोणता ना कोणता त्रास असल्याचे आढळले. यांतील सर्वांनाच तीव्र वेदना नसते, हे खरे. पण आपल्या रांगेत आपण एकटेच नाही, एवढे तरी रुग्णाला यावरून कळावे.

तथापि विश्वास ठेवणे म्हणजे शोध थांबवणे नव्हे. पहिल्या फेरीत निसटणारी कारणे असतात. आपल्या देशात आतड्यांचा क्षय आजही आढळतो. गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सीलिअॅक विकार अनेक वर्षे ओळखला जात नाही. स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढून पोट आणि ओटीपोट दुखत राहते. साध्या सोनोग्राफीत ते पुष्कळदा दिसत नाही, आणि "पाळीच्या वेळी सगळ्यांचेच दुखते" या एका वाक्यापायी निदानाला कित्येक वर्षे उशीर होतो. कधी वेदना पोटाच्या आत नसतेच, ती पोटाच्या भिंतीतील चिमटलेल्या नसेची असते. रुग्णाला निजवून, दुखऱ्या जागी बोट ठेवून, डोके उचलायला सांगितले असता दुखणे वाढले, तर तशी शंका घ्यावी, ही साधी परीक्षा अमेरिकन शल्यविशारद कार्नेट यांनी १९२६ मध्येच सांगून ठेवली आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही, डॉक्टरांचे बोट आणि दोन मिनिटे लागतात. वजन विनाकारण घटणे, शौचात रक्त जाणे, रक्तक्षय, रेंगाळणारा ताप, वारंवार उलट्या, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास किंवा घराण्यात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी काहीही असेल तर जुन्या 'नॉर्मल' कागदावर विसंबून राहू नये. या खुणा रुग्णाच्या आधी जोडीदाराच्या ध्यानात येतात. साडी सैल होऊ लागली, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले, हे त्यालाच दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जोडीदाराने नेमके करावे काय? या प्रश्नाचे उत्तर उपदेशापेक्षा एका घराच्या हकिकतीत अधिक स्पष्ट दिसते. ते घर आहे इंग्लंडमधील केंट परगण्यातील डाऊन या खेड्यातले, आणि रुग्ण आहे उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा चार्ल्स डार्विन.

डार्विनचा विवाह २९ जानेवारी १८३९ रोजी त्याच्या मामेबहिणीशी, एम्मा वेजवुडशी झाला. बीगल जहाजावरील पाच वर्षांच्या सफरीवरून तो १८३६ मध्ये परतला होता आणि पुढच्याच वर्षापासून प्रकृती बिघडू लागली होती. पोटात दुखणे, जेवणानंतर काही तासांनी पोट वायूने तट्ट फुगणे, उलट्या, छातीत धडधड, पराकोटीचा थकवा, असे हे दुखणे पुढे थोड्याफार फरकाने सुमारे चाळीस वर्षे टिकले. वडील स्वतः नामांकित डॉक्टर होते, तरी त्यांना कारण उमगले नाही. १८४९ मध्ये माल्व्हर्न येथे डॉक्टर गली यांच्याकडे थंड पाण्याचे उपचार घेण्यासाठी सारे कुटुंब जाऊन राहिले. काही काळ बरे वाटले, मग पुन्हा तेच. पुढे पाठीच्या कण्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवण्याचाही प्रयोग झाला. त्याच्या मृत्यूनंतर आजतागायत पंडितांनी अनेक निदाने सुचवली आहेत. दक्षिण अमेरिकेतील कीटकाच्या दंशाने होणारा चागास रोग हे १९५९ मध्ये सुचवले गेले, दुधातील साखर न पचणे हे २००५ मध्ये. एकमत झालेले नाही. जगातील इतक्या विख्यात रुग्णाचे पोट का दुखत होते हे सांगता येत नसेल, तर गावातील एखाद्या सूनबाईच्या बाबतीत एका भेटीत उत्तर मिळालेच पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

एम्माने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. तिने कारणाचा नाद धरला नाही. लग्नापूर्वीच्या एका पत्रात तिने चार्ल्सला लिहिले होते की तो बरा नसताना त्याला आपला काही उपयोग व्हावा, यासारखे दुसरे सुख आपल्याला नाही. पुढील त्रेचाळीस वर्षे तिने हे शब्द पाळले, पण पाळले ते उशाशी अश्रू ढाळीत बसून नव्हे. तिने घराला घड्याळ लावले. सकाळी दीड तास काम, मग एम्मा घरची पत्रे किंवा कादंबरी वाचून दाखवी, पुन्हा काम, दुपारी बागेच्या कडेच्या वाळूच्या वाटेवर फेऱ्या, जेवण, विश्रांती आणि पुन्हा वाचन. रात्रीच्या जेवणानंतर दोघे सोंगट्या-फाशांच्या बॅकगॅमन खेळाचे दोन डाव खेळत. मग एम्मा पियानो वाजवी. पाहुण्यांशी अर्धा-एक तास उत्साहाने बोलले तरी चार्ल्सची रात्र वाईट जाई. म्हणून बैठक कधी आवरायची यावर तिचे लक्ष असे. त्या बॅकगॅमनचा हिशेब दोघांनी इतका चोख ठेवला होता, की १८७६ मध्ये डार्विनने अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांना पत्रातून आकडे कळवले. एम्माने २,४९० डाव जिंकले होते, त्याने २,७९५.

हा आकडा गमतीचा असला तरी त्यात या विषयाचे मर्म आहे. पाच हजारांहून अधिक वेळा हे दोघे समोरासमोर बसले, ते दुखते म्हणून नव्हे. जेवण झाले, खेळाची वेळ झाली, म्हणून. रुग्णाला जवळीक मिळत होती ती कळ आल्यावर बक्षीस म्हणून नव्हे, दिनक्रमाचा भाग म्हणून. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७६ मधील आपल्या ग्रंथात जुनाट वेदनेविषयी जे मांडले, ते याच्याशी जुळते. माणूस कण्हला की सारे धावतात आणि तो बरा असला की सारे आपापल्या कामाला लागतात, असे झाले तर नकळत कण्हणेच पक्के होत जाते. यात रुग्णाची लबाडी नसते, शरीर-मनाची ती शिकण्याची रीतच आहे. म्हणून प्रेमाची वेळ दुखण्याने ठरवू नये, घड्याळाने ठरवावी. बरे वाटत असलेल्या दिवशीही संध्याकाळी जोडीने चार पावले चालावे. दुखत असलेल्या दिवशी फेरी लहान करावी, पण शक्य तो सोडू नये.

या घराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर एम्माची मूर्ती घडवून मोकळे होण्यासारखे होईल. डार्विनची नात ग्वेन रॅव्हराट हिने १९५२ मधील आपल्या आठवणींत मिस्किलपणे नोंदवले आहे, की आजी-आजोबांच्या घरात आजारी असणे ही एक प्रतिष्ठेचीच बाब होऊन बसली होती, आणि तिच्या काका-आत्यांपैकी काहींना तब्येतीची काळजी करण्याचा छंद जन्मभर जडला. आजाऱ्याला सांभाळता सांभाळता सारे घरच आजाराभोवती फिरू लागते, तेव्हा त्याची झळ मुलांना लागते. दहा वर्षांची ॲनी १८५१ मध्ये माल्व्हर्न येथेच वारली. तेव्हा डार्विन तिच्यापाशी होता आणि एम्मा दिवस भरत आल्यामुळे घरी होती. दहा बाळंतपणे, तीन मुलांचे मृत्यू आणि पतीचे कायमचे दुखणे, असा तो संसार होता. त्याला आदर्श म्हणण्यापेक्षा कसाबसा तोल सांभाळलेला संसार म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

डार्विनने १८४९ ते १८५५ या काळात प्रकृतीची रोजनिशीही ठेवली होती. ही गोष्ट आजही अनुकरणीय आहे, मात्र मर्यादेने. दोन-तीन आठवड्यांपुरती वहीत नोंद करावी: काय खाल्ले, किती वाजता, दुखणे कोठे आणि किती वेळ, शौच कसे झाले, झोप किती, पाळीची तारीख कोणती, कोणत्या गोळ्या, काढे किंवा भस्मे घेतली. शेवटची नोंद संकोचाने टाळली जाते. काही भस्मांत आणि रसौषधींत शिसे आढळलेले आहे, आणि शिशाने पोटात जबर कळा येतात. म्हणून डॉक्टरांपासून ते लपवू नये. वही रुग्णाने लिहावी. जोडीदाराने ती तपासणीसाच्या नजरेने वाचू नये. "काल बाहेर भेळ खाल्लीस ना, मग दुखणारच" असे एकदा म्हटले की वहीत खरे लिहिणे थांबते.

आहाराबाबत दोन शब्द आवश्यक आहेत. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने २००५ च्या सुमारास मांडलेल्या पद्धतीत आतड्यात आंबून वायू निर्माण करणारे पदार्थ काही आठवडे वर्ज्य करून मग एकेक पुन्हा सुरू करतात. त्या यादीत कांदा-लसूण अग्रभागी आहेत, हे ऐकून या सभागृहातील अनेकांना समाधान वाटेल! पण त्याच यादीत गहू, राजमा, हरभरा, दूध आणि आंबाही आहेत. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरातही फुलके, छोले आणि बासुंदीने पोट फुगू शकते. हा प्रयोग आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावा आणि काही आठवड्यांपुरताच. आयुष्यभर निम्मे ताट रिकामे ठेवणे हा उपचार नव्हे. इसबगोलाचा उपयोग अनेकांना होतो, गव्हाच्या कोंड्याने मात्र पुष्कळांचा त्रास वाढतो. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आम्लपित्ताच्या रुग्णाला हितकारकच आहे. रात्री पाणीही न घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे गोळ्यांच्या वेळा दिवसात बसवता येतात. पर्युषणात मात्र खरा पेच पडतो. एकासन किंवा उपवास झेपत नाही म्हणून रुग्ण आतल्या आत झुरतो आणि घरातील ज्येष्ठ मंडळी गप्प राहून आपली नापसंती कळवतात. अशा वेळी सासूबाईंशी किंवा मोठ्या दिरांशी बोलण्याचे काम रुग्णावर टाकू नये, ते जोडीदाराने करावे. तपात वैयावृत्त्याची, म्हणजे सेवेची, गणना बाह्य तपात नव्हे तर अभ्यंतर तपात झाली आहे, आणि तत्त्वार्थसूत्राने सेवा कोणाची करावी हे सांगताना 'ग्लान', म्हणजे आजारी, याचा स्पष्ट निर्देश केला आहे. तो संदर्भ मुनिसंघाचा आहे हे खरे, तथापि गृहस्थाने तो घरी आणू नये असे कोठे म्हटलेले नाही.

डॉक्टरांकडे जाताना जोडीदाराने बरोबर जावे, परंतु प्रश्न रुग्णाला विचारला असता उत्तर स्वतः देऊ नये. दर महिन्याला नवा डॉक्टर गाठून त्याच तपासण्या पुन्हा करण्यापेक्षा, ऐकून घेणारा एक डॉक्टर धरून ठरावीक काळाने त्याच्याकडे जात राहणे श्रेयस्कर. काही वेळा डॉक्टर अल्प मात्रेत नैराश्यावरील गोळी देतात, आणि चिठ्ठीवरील ते नाव पाहून घरात गहजब होतो: "म्हणजे डोक्याचे आहे तर!" तसे मुळीच नाही. या गोळ्या लहान मात्रेत आतडे व मेंदू यांमधील वेदनेचे संदेश सौम्य करतात. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲमिट्रिप्टिलिन या जुन्या औषधाचा अल्प मात्रेत उपयोग दिसून आला. अर्थात गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. ती घेणाऱ्याला वेडा न ठरवणे हे घरच्यांचे काम.

मध्यरात्री कळ आली असता जोडीदाराने फार काही करायचे नसते. शेकाची पिशवी द्यावी, दिवा मंद ठेवावा, पाठीवर हात ठेवावा. दर पाच मिनिटांनी "आता कसे वाटते?" असे विचारल्याने रुग्णाला उत्तरादाखल आपल्या वेदनेचे मोजमाप करावे लागते. वेदना नेहमीपेक्षा वेगळी असेल, पोट लाकडासारखे कडक झाले असेल, रुग्णाला घाम फुटून भोवळ येत असेल, तर मात्र सकाळची वाट पाहू नये.

राहता राहिला जोडीदार स्वतः. पत्नी आजारी पतीची सेवा करते तेव्हा समाज ते गृहीत धरतो. पती आजारी पत्नीसाठी भाजी चिरतो तेव्हा त्याचे कौतुक होते किंवा टवाळी होते. दोन्ही प्रकारांत सेवा करणारा थकला आहे काय, हे कोणी विचारीत नाही. त्याला कधी रुग्णाचा राग येतो, मग त्या रागाची शरम वाटते, आणि शरमेपोटी तो आणखी राबतो. एम्माच्या हाताखाली नोकरचाकर होते. आजच्या तीन खोल्यांच्या घरात तीच व्यक्ती स्वयंपाकी, परिचारिका आणि मिळवतीही असते. म्हणून नणंद, भाऊ, शेजारीण, महिला मंडळातील एखादी मैत्रीण, यांपैकी कोणीतरी महिन्यातून एका रविवारी दुपारी चार तास रुग्णापाशी येऊन बसावे. येताना औषधांचे नवे सल्ले आणू नयेत, पत्त्यांचा जोड आणावा. त्या चार तासांत जोडीदाराने मंदिरात जावे, बाजारात जावे, नाटकाला जावे, आणि घरी परतल्यावर दुखण्याची चौकशी करण्याआधी, बाहेर काय पाहिले ते रुग्णाला सांगावे.